मूत्रपिंड निकामी, मेंदू बेभान : एका विषाच्या शोधाची दोनशे वर्षे

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये १८२० आणि १८३० च्या दशकांत रिचर्ड ब्राइट नावाचे वैद्य एक साधी परीक्षा करीत असत. सूज आलेल्या रुग्णाचे मूत्र चमच्यात घेऊन ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचे. अंड्याचा पांढरा बलक शिजावा तसा त्यात पांढरा साका धरला, तर रुग्णाची मूत्रपिंडे बिघडली आहेत असे समजायचे. १८२७ मध्ये ब्राइट यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि पुढची शंभर वर्षे या दुखण्याला 'ब्राइटचा रोग' असेच म्हटले गेले. त्यांच्या टिपणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हे रुग्ण दगावत ते बहुधा मूत्रपिंडाच्या वेदनेने नव्हे. ते आधी सुस्तावत, मग असंबद्ध बोलू लागत, त्यांना झटके येत आणि अखेर ते बेशुद्धीतच जात.

कमरेजवळच्या अवयवाचा रोग डोक्यात कसा चढतो, हा प्रश्न त्याच रुग्णालयातील थॉमस ॲडिसन यांनी १८३९ मध्ये स्वतंत्रपणे हाताळला. मूत्रपिंडाच्या विकारात मेंदूची जी अवस्था होते, तिचे त्यांनी पाच प्रकार सांगितले : अचानक येणारी शांत गुंगी, घोरण्यासह येणारी गाढ मूर्च्छा, झटके, या शेवटच्या दोहोंचे मिश्रण, आणि पाचवा प्रकार म्हणजे बुद्धीची मंदता, हालचालींतील जडपणा व पेंगुळलेपणा. पहिले चार प्रकार कोणाच्याही नजरेत भरतील असे आहेत. आजच्या दृष्टीने पाचवाच अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण तो घरात वर्षानुवर्षे वावरतो आणि वयाच्या खात्यावर जमा होतो.

रक्तात काहीतरी साचते आणि ते मेंदूला बाधते, एवढा तर्क तेव्हाही अवघड नव्हता. जिनिव्हात प्रेव्हो आणि द्यूमा यांनी १८२१ मध्ये प्राण्यांची दोन्ही मूत्रपिंडे काढून टाकली, तेव्हा त्यांच्या रक्तात युरिया वाढलेला आढळला. अवघ्या काही वर्षांत एडिंबरोच्या रॉबर्ट क्रिस्टिसन यांना तोच युरिया रुग्णांच्या रक्तात सापडला. संशयित हाती लागला होता. १८४० च्या दशकात पॅरिसच्या प्योरी यांनी या अवस्थेला 'युरेमिया' म्हणजे 'रक्तात मूत्र' असे नाव दिले आणि नावातच आरोपही निश्चित झाला. युरिया हाच गुन्हेगार.

अडचण अशी की पुरावा जुळेना. प्राण्यांना भरपूर युरिया टोचला तरी ते मूर्च्छित होत नसत. जर्मनीच्या फ्रेरिख्स यांनी १८५१ मध्ये तोडगा सुचवला : युरिया स्वतः निरुपद्रवी असेल, पण रक्तात त्याचे अमोनियम कार्बोनेट होते आणि तेच विष. ही कल्पना काही काळ गाजली आणि मागे पडली. १८६१ मध्ये लुडविग ट्राउबे म्हणाले, विष वगैरे काही नाही, मेंदूला सूज येते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पुढची ऐंशी वर्षे हा वाद अशीच वळणे घेत राहिला. युरियावरचा संशय मात्र थेट १९७२ पर्यंत टिकला. त्या वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी डायलिसिसच्या द्रवात मुद्दाम युरिया मिसळून रुग्णांच्या रक्तातील त्याची पातळी चढती ठेवली. फार वरच्या पातळीला मळमळ, डोकेदुखी, सुस्ती आली, पण युरेमियाचे संपूर्ण चित्र एकट्या युरियाने उभे राहिले नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर आजही 'ब्लड युरिया' हा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो. तो उपयोगी आहे, परंतु धुराची उंची मोजून आगीचा अंदाज करावा तितकाच.

विष रक्तात आहे आणि ते काढले तर मेंदू परत येतो, याचा थेट पुरावा मिळाला तो नेदरलँड्समधील काम्पेन या छोट्या गावात, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून, ते पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरवून, रुग्णाचे रक्त धुण्याचे यंत्र तयार केले. १९४३ पासून त्यांनी या यंत्रावर घेतलेले जवळजवळ सर्व रुग्ण मरण पावले. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण आली, ६७ वर्षांची सोफिया शाफश्टाट. युद्धात नाझींची बाजू घेतल्याबद्दल ती कैदेत होती आणि युरेमियाने पूर्ण बेशुद्ध झाली होती. काही तासांच्या डायलिसिसनंतर तिने डोळे उघडले आणि ती बोलू लागली. त्यानंतर ती अनेक वर्षे जगली. मेंदूच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ मोठा होता. इतक्या गाढ मूर्च्छेतही मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या. त्यांच्या परस्परांतील संदेशांचा कोंडमारा झाला होता आणि तो सुटू शकत होता.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी व शीर जोडणारी टेफ्लॉनची नळी बसवली. तोवर काही दिवसांची उसनी मुदत देणारा उपचार त्यामुळे वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागला. पुढच्याच वर्षी भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात क्लीव्हलँडच्या सातोरू नाकामोतो यांच्या साहाय्याने डायलिसिस सुरू झाले. तेथेच १९७१ मध्ये देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. प्रत्यारोपणानंतर अनेकांचा जडपणा उतरतो आणि मेंदूच्या विद्युत्लहरींचा मंदावलेला आलेख सुधारतो, हे पुढे बऱ्याच ठिकाणी नोंदले गेले. डायलिसिसला जे पूर्णपणे साधत नाही, ते जिवंत मूत्रपिंडाला साधते. म्हणजे यंत्रातून सुटून जाणारे काहीतरी रक्तात उरतेच, आणि पुढच्या संशोधनाचा रोख त्यावरच राहिला.

त्याआधी मात्र या इतिहासात एक काळेकुट्ट प्रकरण आले.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये ॲलन ऑल्फ्री यांच्या लक्षात आले की दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले काही रुग्ण वेगळ्याच तऱ्हेने बिघडत आहेत. आधी बोलणे अडखळे, विशेषतः डायलिसिस संपल्यावर. मग शब्द सापडेनासे होत, हातपाय अवचित उडत, झटके येत, स्मृती जाई आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवे. डायलिसिस वाढवूनही फरक पडत नसे. उलट ज्यांचे डायलिसिस जितके दीर्घ, तितका धोका अधिक दिसे. १९७२ मध्ये त्यांनी या लक्षणसमूहाचे वर्णन केले. १९७६ मध्ये त्यांनी मृतांच्या मेंदूतील करड्या भागाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. या आजाराने गेलेल्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम दर दशलक्ष भागांत २५ भाग होते, इतर कारणांनी गेलेल्या डायलिसिसच्या रुग्णांत ६.५, आणि मूत्रपिंडे शाबूत असलेल्यांत २.२.

ॲल्युमिनियम आले कोठून? दोन वाटांनी. एक वाट औषधाची होती. रक्तातील फॉस्फेट कमी ठेवण्यासाठी या रुग्णांना ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड भरपूर दिले जाई. दुसरी वाट नळाच्या पाण्याची होती. गढूळ पाणी निवळण्यासाठी त्यात तुरटी फिरवणे भारतीय घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शहरांची जलशुद्धीकरण केंद्रेही तेच मोठ्या प्रमाणावर करतात, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. निरोगी माणसाच्या आतड्यातून त्याचा अत्यल्प अंश शोषला जातो आणि मूत्रपिंडे तोही बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णाचे गणित निराळे असते. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर द्रव त्याच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतो. मधे आतडे नाही आणि शेवटी मूत्रपिंडही नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डेव्हिड कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या पाण्याशी या आजाराचा मेळ घालून दाखवला. पाण्यात ॲल्युमिनियम जास्त असलेल्या ठिकाणी हाडे मोडणारा विकार आणि हा स्मृतिभ्रंश, दोन्ही अधिक आढळले. काही रुग्ण तर घरच्या घरी, घरच्याच नळाच्या पाण्यावर डायलिसिस करून घेत होते.

जीव वाचवणाऱ्या यंत्रानेच मेंदूत विष भरले, हे मान्य करायला वैद्यकाला काही वर्षे लागली. ती लागली यात आश्चर्य नाही, पण कोणाच्या बोलण्यातील अडखळ आधी ऐकू आली हे पाहण्यासारखे आहे. ती घरच्यांनी आणि परिचारिकांनी ऐकली होती. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत तिचा मागमूस नव्हता.

त्यानंतर डायलिसिसचे पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसमधून काढणे हा नियम झाला. आज या पाण्यात ॲल्युमिनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ०.०३ मिलिग्रॅम स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.२ पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास कायदेशीरपणे योग्य असलेले पाणी डायलिसिससाठी वीसपट अयोग्य असू शकते. १९९३ मध्ये पोर्तुगालमधील एव्होरा येथे, सर्व काही ज्ञात असताना, ॲल्युमिनियमच्याच बाधेने रुग्ण दगावले. भारतात २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे पोहोचू लागली. यंत्र दिसते आणि त्याचे उद्घाटनही होते. त्यामागच्या खोलीतील पाण्याच्या संयंत्राचा पडदा वेळेवर बदलला का, हे कोणी फारसे विचारीत नाही.

ॲल्युमिनियम बाहेरून आलेले विष होते. शरीरात आपोआप तयार होणाऱ्या आणि मूत्रपिंडाअभावी साचणाऱ्या विषांचे काय? येथे मेंदूच्या रसायनशास्त्राची दोन पात्रे ओळखून घ्यावी लागतात. ग्लुटामेट हे चेतापेशींना चेतवणारे द्रव्य. ते एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर बसले की पेशी उत्तेजित होते. गाबा हे आवरणारे द्रव्य. मेंदूचे भान या दोहोंच्या तोलावर उभे असते. बेल्जियममधील अँटवर्पचे पीटर पॉल डे डेन यांनी १९९० च्या आसपास ग्वानिडिनो संयुगांवर लक्ष केंद्रित केले. प्रथिनांच्या चयापचयात तयार होणारी ही छोटी संयुगे मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या मेंदूत व मणक्यातील द्रवात कितीतरी वाढलेली असतात. उंदरांच्या चेतापेशींवर ती सोडली तेव्हा गाबाचा आणि ग्लायसीनचा आवरणारा परिणाम क्षीण झाला. पुढच्या प्रयोगांत त्यांतील ग्वानिडिनोसक्सिनिक आम्ल एनएमडीए ग्राहकांना थेट चेतवते असे दिसले. लगाम सैल आणि वर टाच मारलेली, अशा घोड्याचे जे होईल तेच येथे मेंदूचे होते. हात थरथरणे, स्नायू उडणे, झटके येणे, ही ॲडिसन यांच्या यादीतील लक्षणे आता रेणूंच्या भाषेत वाचता येऊ लागली. त्याआधीच पॅराथायरॉइडच्या वाढलेल्या संप्रेरकामुळे मेंदूत कॅल्शियम साचते, असेही श्वानांवरील प्रयोगांतून पुढे आले होते. एकच गुन्हेगार शोधण्याची दीडशे वर्षांची सवय येथे सुटली. २००३ मध्ये युरोपीय संशोधकांच्या गटाने युरेमियातील विषांची यादी केली, तीत ९० द्रव्ये होती.

त्या ९० पैकी २५ द्रव्ये रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतात. डायलिसिसचा पडदा मोकळे रेणू जाऊ देतो, प्रथिनाला बिलगलेले नाही, म्हणून ती यंत्रातून सुटतात. त्यांतील इंडॉक्सिल सल्फेटची कथा जुनी आहे. अन्नातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून आतड्यातील जिवाणू इंडोल बनवतात, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मूत्रातील या द्रव्याला 'इंडिकन' म्हणत, कारण त्यावर विशिष्ट रासायनिक क्रिया केली की नीळ तयार होते. ज्या निळीच्या शेतांनी बंगाल आणि चंपारणचे शेतकरी गांजले, तिचाच हा रासायनिक नातलग. व्हिएन्नाच्या ओबरमायर आणि पॉपर यांनी १९११ मध्येच युरेमियात तो रक्तात वाढतो असे नोंदले होते. पण त्याचे मेंदूशी काय नाते आहे हे स्पष्ट होण्यास शतक गेले. २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील मिकाएल बोबो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की इंडॉक्सिल सल्फेट रक्त आणि मेंदू यांच्यातील संरक्षक भिंतच सच्छिद्र करते, आणि त्याबरोबर उंदरांची स्मरणशक्तीही घटते. मूत्रपिंडाच्या रोगाची मेंदूकडे जाणारी वाट अशा रीतीने आतड्यातील जिवाणूंतून निघते. हे द्रव्य आतड्यातच अडवावे म्हणून जपानमध्ये १९९१ पासून शुद्ध कोळशाच्या गोळ्या दिल्या जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्यांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास रोखल्याचे मात्र दिसले नाही.

ॲडिसन यांच्या पाचव्या प्रकाराकडे, त्या जड आणि पेंगुळल्या बुद्धीकडे, गंभीरपणे पाहिले गेले ते फार उशिरा. अमेरिकेच्या मिनेसोटात २००६ मध्ये ५५ वर्षांवरील डायलिसिस रुग्णांच्या स्मृतीची व आकलनाची पद्धतशीर परीक्षा घेण्यात आली. सुमारे ३७ टक्के रुग्णांत तीव्र दोष आढळला. वैद्यकीय कागदपत्रांत अशा दोषाची नोंद मात्र ३ टक्क्यांहूनही कमी रुग्णांच्या नावे होती. या माणसांना आहाराचे तक्ते, पाण्याचे मोजमाप आणि दिवसाकाठी दहा-बारा गोळ्यांचे वेळापत्रक पाळायचे असते. भारतात तर पुष्कळांना तीनऐवजी आठवड्यातून दोनच डायलिसिस परवडतात. त्यांत भर औषधांची. सेफेपीम हे प्रतिजैविक, असायक्लोव्हिर किंवा उचकी व स्नायूंच्या ताठरपणावरचे बॅक्लोफेन ही औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मात्रा कमी न करता दिली तर रुग्ण दोन-तीन दिवसांत बरळू लागतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारपण.

या इतिहासातील ताजे प्रकरण एका फळाचे आहे आणि त्याचे नाव मराठी कानाला परके नाही. करंबळ, करमळ, हिंदीत कमरख, संस्कृतात कर्मरंग. पाच धारांचे, आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे, मीठ लावून खाण्याचे आंबट फळ. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. जगभर रूढ झालेला 'कॅरम्बोला' हा शब्द कोशकार मराठीतील करंबळाशी जोडतात.

हे फळ पुढे ब्राझीलमध्ये घरोघरच्या अंगणांत रुजले. १९९८ मध्ये तेथील रिबेराव प्रेतो शहरातील डॉक्टरांनी डायलिसिसवरील सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. कोणी दोन-तीन फळे खाल्ली होती, कोणी पेलाभर रस घेतला होता. काही तासांत त्यांना न थांबणारी उचकी लागली. मग झोप उडाली, मन भ्रमिष्ट झाले, हातपाय निर्बळ झाले. काहींना झटके आले. तैवानमधूनही अशाच, आणि प्राणघातक, घटना नोंदल्या गेल्या. शेजारी बसून तेच फळ खाणाऱ्या निरोगी माणसाला काहीच होत नसे. त्याची मूत्रपिंडे ते द्रव्य गाजावाजा न करता बाहेर टाकत होती.

ते द्रव्य कोणते, हे शोधण्यास पंधरा वर्षे लागली. आधी फळातील ऑक्झलेटवर संशय गेला, आणि तो निराधारही नव्हता. करंबळाचाच भाऊबंद असलेल्या बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून पिणाऱ्या केरळातील दहा जणांची मूत्रपिंडे ऑक्झलेटच्या स्फटिकांनी बंद पडल्याची नोंद २०१३ मध्ये भारतीय डॉक्टरांनीच केली आहे. पण उचकी आणि झटके ऑक्झलेटने समजत नव्हते. त्याच २०१३ साली साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो येथील नॉर्बेर्तो गार्सिया-काइरास्को आणि सहकाऱ्यांनी फळातून एक नवा रेणू वेगळा केला आणि त्याला 'कॅरम्बॉक्सिन' म्हटले. रचनेने तो फिनाइलॲलनीन या नेहमीच्या अमिनो आम्लासारखा आहे आणि मेंदूत तो ग्लुटामेटचे सोंग घेतो. एनएमडीए आणि एएमपीए या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांवर बसून तो चेतापेशींना चेतवतो. ज्या ग्राहकांवर शरीरातले ग्वानिडिनो संयुग आधीच टकटक करीत होते, त्याच दारावर बाहेरून आलेला हा दुसरा पाहुणा.

रिबेराव प्रेतोच्या डॉक्टरांना उपाय रेणू सापडण्याआधीच कळला होता. उचकी लागताच रुग्णाला रक्ताच्या डायलिसिसवर घ्यायचे, आणि भान हरपले असेल तर ते लांबवून रोजच्या रोज करायचे. पोटातून केले जाणारे डायलिसिस गंभीर रुग्णांना पुरे पडत नसे. वेळेत आलेले बहुतेक रुग्ण पूर्ववत झाले. ज्यांनी उचकीला पोटाचे दुखणे समजून घरी वाट पाहिली आणि झटके सुरू झाल्यावर रुग्णालय गाठले, त्यांच्यातील काहींना यंत्रही वाचवू शकले नाही.